पुढील अंकी

परवा रात्री जेवताना माझ्या मुलाला स्वतःच्या बालपणाची आठवण आली आणि तो गहिवरला. मुलाचं वय सोळा.

भात कालवता कालवता त्याचा हात थांबला. त्यानं वर पंख्याकडे पाहिलं आणि नुकत्याच पेन्शनीत निघालेल्या मामलेदारासारखा सुस्कारा टाकून तो म्हणाला, "ती मजा आता राहिली नाही, बाबा."

सोळाव्या वर्षी जी मजा राहत नाही ती कसली, हे बापानं विचारावं की विचारू नये, याचा माझा निर्णय होईपर्यंत आमची ही विचारून मोकळी झाली, "कसली रे मजा?"

"पब्जीची. लॉकडाऊनमधली. आम्ही चौघं रोज रात्री आठला खेळायला यायचो. आता गेम आहे, पण ते दिवस नाहीत."

ज्यांच्या घरात सोळा वर्षांचं कोणी नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. पब्जी हा फोनवर खेळायचा मारामारीचा खेळ. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, एकमेकांच्या जिवावर उठतात आणि शेवटी जो उरतो तो किंवा त्याची टोळी जिंकते. हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी नऊ वाजता जे चालतं तेच, फक्त बंदुका घेऊन. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं एकूण ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यात हा खेळ होता. २०२१ साली तो नाव बदलून परत आला, २०२२ साली पुन्हा गेला आणि २०२३ साली पुन्हा उगवला. इतक्या बदल्या तर आमच्या बँकेत युनियनशी भांडलेल्या माणसाच्याही होत नाहीत.

"आणि ते तिघं कुठं असतात आता?" मी विचारलं.

"एक बेंगळुरूला गेला, एक नाशिकला. तिसरा इथंच आहे. पण बोलत नाही."

"का?"

"असंच," असं म्हणून त्यानं पुन्हा भात कालवायला घेतला.

खरं सांगायचं तर मला मत्सर वाटला. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या माणसाची राखीव जागा. केस गेले, कंबर गेली, हुद्दा तर आधीपासूनच नव्हता. एवढी एकच मिळकत निर्वेध आमच्या नावावर होती. तिच्यावर हे कालचं पोर अतिक्रमण करणार? मी पाट सोडल्याच्या आवेशात खुर्ची मागं सरकवली आणि जाहीर केलं, "तुमचं कसलं बालपण! बालपण आमचं होतं. थांब, दाखवतोच तुला."

"जेवून घ्या आधी," ही म्हणाली. "बालपण माळ्यावर आहे. ते काही पळून जात नाही. स्टूल मात्र डुगडुगतंय."

रविवारी त्या डुगडुगत्या स्टुलावर उभा राहून मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत काय होतं ते पुढं येईलच. आधी ती ट्रंक एके काळी कशानं भरलेली असे ते सांगायला हवं, नाहीतर रिकाम्या ट्रंकेचं दुःख तुम्हांला कळायचं नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. १९८८ साली त्यांची बदली हिंजवडीला झाली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आज हिंजवडी म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती आणि न सरकणाऱ्या मोटारी दिसतात. तेव्हा ते मुळशी तालुक्यातलं एक साधं गाव होतं. भाताची खाचरं, उसाचे फड, संध्याकाळी गुरांच्या पायांची धूळ आणि चैत्री पौर्णिमेला म्हातोबाची जत्रा, जत्रेत बगाड. फेज एक, फेज दोन आणि फेज तीन हे शब्द तेव्हा फक्त विजेच्या वायरमनच्या तोंडी ऐकू येत. इथं साखर कारखाना व्हायचा होता म्हणतात. तो पुढं कासारसाईकडे झाला आणि इथं संगणक आले. साखर झाली असती तर निदान गाडीत अडकून पडल्यावर खायला ऊस तरी मिळाला असता.

अशा त्या गावात दर महिन्याला दोन पाहुणे येत. एक 'किशोर' आणि दुसरा 'चांदोबा'.

'किशोर' हा घरचा, म्हणजे सरकारी. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या बालभारतीनं १९७१ च्या नोव्हेंबरात तो सुरू केला. ज्या संस्थेनं आम्हांला गणिताचं पुस्तक दिलं तिनंच हे मासिक द्यावं, हे आम्हांला खरंच वाटत नसे. ज्या हातानं छडी मारली त्याच हातानं पेढा दिल्यासारखं ते होतं. वडील त्यातल्या शास्त्रीय माहितीला आधी हात घालत आणि मी कोड्यांना. मुलांसाठी मराठीत मासिक काढायची परंपरा तशी जुनी. वा. गो. आपट्यांनी 'आनंद' काढला तो १९०६ साली. म्हणजे टिळकांच्या 'केसरी'तले अग्रलेख आजोबा वाचत होते तेव्हा नातू कोपऱ्यात 'आनंद' घेऊन बसलेला असणार आणि आजोबा त्याला म्हणत असणार, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

'चांदोबा'ची मात्र गोष्टच वेगळी. तो यायचा मद्रासहून. चक्रपाणी आणि नागी रेड्डी या दोघांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक सुरू केलं आणि १९५२ साली ते मराठीत आलं. 'पाताल भैरवी' आणि 'मायाबझार' हे सिनेमे काढणारे हेच ते लोक. गोष्ट तेलुगूत लिहिली जाई, चित्रं मद्रासेत काढली जात आणि वाचायला बसायचो आम्ही म्हातोबाच्या देवळामागं. त्यामुळं 'चांदोबा'तल्या जगात सगळंच आमच्यापेक्षा थोडं जास्त असे. राजांच्या मिशा जास्त, राण्यांचे दागिने जास्त आणि गरीब ब्राह्मणाच्या झोपडीबाहेरसुद्धा नारळाची झाडं. आमच्या गावात नारळ फक्त देवापुढं फुटताना दिसायचा. खांद्यावर प्रेत घेतलेला, हातात तलवार असलेला तो विक्रम राजा अजून डोळ्यांपुढं आहे. तो काढणारे चित्रकार शंकर २०२० साली गेले. बातमी वाचली त्या दिवशी मी दोन व्हाउचरांवर उलटा शिक्का मारला.

त्यात दोन फोटो छापून त्यांना नावं देण्याची स्पर्धा असे. मी पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर नावं पाठवीत असे. बक्षीस कधी आलं नाही, पण अंक आला की गोष्टींच्या आधी मी तेच पान उघडी. कुणातरी नागपूरच्या नाहीतर बेळगावच्या पोराचं नाव तिथं छापलेलं असे आणि त्या अनोळखी पोराचा मला जो राग येई तसा पुढं बढतीच्या यादीतसुद्धा कुणाचा आला नाही.

इतरही होते. 'चंपक' होतं, 'ठकठक' होतं, शहरातल्या मावसभावाकडं गेलं की 'इंद्रजाल कॉमिक्स'मधला वेताळ भेटे. पण दोन वेताळांपैकी आमचा वेताळ झाडावर लोंबणारा.

आता हे वेड काही आमच्यापुरतं नव्हतं. आमच्या शाखेत गृहकर्जाच्या कामासाठी एक आयटीतला तरुण येतो. त्याच्या कागदपत्रांच्या झेरॉक्सा निघेपर्यंत गप्पा होतात. तो म्हणाला, त्याचा चुलतभाऊ अमेरिकेहून येताना 'निन्टेंडो पॉवर' नावाचं मासिक आणायचा. नुसतं व्हिडिओ गेमचं मासिक. १९८८ साली निघालं आणि २०१२ साली बंद पडलं. त्यात खेळांचे रंगीत नकाशे असत. कुठं दार, कुठं खजिना, कुठं राक्षस. "पण माझ्याकडे खेळायचं यंत्रच नव्हतं," तो म्हणाला. "मी नकाशावरून बोट फिरवून गेम खेळायचो." विलायतेत तर म्हणे मासिकात संगणकाचा अख्खा खेळ ओळींच्या ओळी छापून देत आणि पोरं तो घरी बसून टंकून काढीत. एक स्वल्पविराम चुकला की खेळ चालत नसे. मला एकदम जुन्या बँकेतलं वर्षअखेरचं बॅलन्सिंग आठवलं. सात पैशांचा फरक शोधायला रात्री दोनपर्यंत बसणारी माणसं आणि ही पोरं एकाच मातीची असली पाहिजेत.

त्याचं ते बोट फिरवणं मात्र माझ्या मनातून जाईना. मासिकाचा खरा वाचक कोण? ज्याच्या घरी यंत्र आहे तो, की ज्याच्याजवळ फक्त बोट आहे तो? हा प्रश्न मला का टोचला, ते ट्रंक उघडल्यावर कळलं.

ट्रंकेत मासिकं जवळजवळ नव्हतीच. १९९१ साली वडिलांची बदली झाली तेव्हा आईनं सामान कमी करायचं म्हणून बहुतेक रद्दीत दिली होती. उरले होते 'किशोर'चे तीन अंक, पैकी एकाला मुखपृष्ठ नव्हतं. आणि त्यांच्याखाली, दोऱ्यानं शिवलेली एक चाळीस पानी वही. वर माझ्या अक्षरात : 'उन्हाळी वाचनालय. नियम आत पाहावेत.'

मुलगा शेजारी येऊन बसला होता. त्यानं नियम मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "एक. भाडे रोज दहा पैसे. दोन. थुंकी लावून पान उलटू नये. तीन. उधारी बंद आहे." मग तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबा, तुम्ही लहानपणापासूनच बँकेत होता?"

हे खरं होतं. १९९० च्या उन्हाळ्यात मी घराच्या ओट्यावर ही ट्रंक मांडून वाचनालय चालवलं होतं. नाव, अंक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, शेरा, असे पाच रकाने. गावातली पाच-सात पोरं नेमानं येत. त्यांत माझा चौथीतला बाकसोबती होता. त्याच्याकडं दहा पैसे नसत. त्याच्याकडं कैऱ्या असत, चिंचा असत, उसाची कांडकी असत. मी नियमाला मुरड घालून भाडं वस्तुरूपात स्वीकारी आणि वहीत '०.१०' अशी नोंद करी. तो 'चांदोबा'तली एक धारावाहिक वाचत होता. नाव आता आठवत नाही. एक राजपुत्र होता, एक गुहा होती, तो आत शिरला होता आणि बाहेरची शिळा आपोआप सरकत होती. तिथं 'पुढील अंकी'.

मी पान उलटलं. त्याच्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : 'एप्रिलचा अंक आला नाही.'

आणि मला सगळं आठवलं. एप्रिलचा अंक आला होता. मी तो दोनदा वाचला होता. पण त्याच आठवड्यात म्हातोबाच्या जत्रेत आमचं भांडण झालं होतं. कारण एवढंच की बगाड बघायला त्याच्या चुलत्यानं त्याला खांद्यावर घेतलं आणि मला घेतलं नाही. मी मास्तरचा मुलगा, आणि मला खाली पाठीमागून दिसत होती ती माणसांची धोतरं. दुसऱ्या दिवशी तो चिंचा घेऊन आला तेव्हा मी शांतपणे सांगितलं, "अंक आलाच नाही." तो तिसऱ्या दिवशी आला. पाचव्या दिवशी आला. मे महिन्यात आला. मी वही उघडून दाखवली. लिहिलेलंच होतं ना, अंक आला नाही. लिहिलेल्यावर त्याचा विश्वास होता. मग तो यायचा थांबला.

"म्हणजे तुम्ही खोटी एंट्री केली?" मुलगा म्हणाला.

बँकेत खोटी एंट्री म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. घोटाळा दहा पैशांचा की दहा लाखांचा हे चौकशीत नंतर येतं. आधी विचारतात, नोंद खोटी केली की नाही? पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटी नोंद केलेली नाही, असं मी युनियनच्या सभेत छाती काढून सांगत आलो. आणि माझ्या पहिल्याच खतावणीत, माझ्याच हस्ताक्षरात, ही.

आता तुम्ही म्हणाल, अहो, दहा वर्षांचं पोर. पस्तीस वर्षं झाली. सोडा की!

मीही मनाला तेच म्हणालो आणि नेहमीप्रमाणं कायद्याचा आधार शोधला. बी.कॉम. झालेल्या माणसाला दोनच गोष्टी जन्मभर पुरतात : डबल एंट्री आणि मर्कंटाइल लॉ. मुदतीचा कायदा, १९६३. हातउसनं दिलेले पैसे वसूल करायचे तर तीन वर्षांच्या आत दावा लावायला हवा. त्यानंतर देणं राहतं, पण कोर्ट ते देववीत नाही. म्हणजे माझं देणं १९९३ सालीच मुदतबाह्य झालं होतं. सुटलो!

पण मग ठेवींचं काय? दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं पैसे कोणी मागितले नाहीत तर ते रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. हा निधी २०१४ साली झाला आणि त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा शब्द होतो 'डेफ', म्हणजे बहिरा. ज्यानं नाव ठेवलं त्याला विनोद कळत असावा. पण गंमत पुढं आहे. तो निधी बहिरा असला तरी बुडवा नाही. खातेदारानं किंवा त्याच्या वारसानं केव्हाही यावं, ओळख पटवावी, पैसे परत घ्यावेत.

म्हणजे आपलं जे येणं आहे ते कधीच मरत नाही, आणि आपण जे देणं लागतो ते तीन वर्षांत मरतं.

आणि माझ्या लक्षात आलं की बालपणाच्या आठवणीसुद्धा आपण नेमक्या याच दोन नियमांनी सांभाळतो. 'चांदोबा'च्या शाईचा वास, ओट्यावरचं ऊन, चिंचेची आंबट चव, हे सगळं माझं येणं. ते पस्तीस वर्षं व्याजासकट जमा. आणि त्या चिंचा ज्यानं आणल्या त्याला मी काय परत केलं, हे देणं. ते केव्हाच खर्ची टाकलं. आमच्यात म्हणतात तसं, बॅलन्स शीटची एकच बाजू मी रोज उघडून वाचत होतो आणि किती नफा आहे म्हणून गहिवरत होतो. कर्जमाफीवर आम्ही बँकेतले लोक किती बोलतो! ज्यानं कर्ज घेतलं त्यानंच ते माफ करायचं, वर डोळ्यांत पाणी आणायचं, ही कर्जमाफी मात्र आम्ही रोज जेवणानंतर स्वतःला देतो.

वेताळानं विक्रमाला अशा वेळी प्रश्न घातला असता : राजा, ज्यानं अंक लपवला त्याच्या आठवणीतली गोडी खरी की खोटी? उत्तर माहीत असून गप्प बसलास तर तुझ्या डोक्याचं काही खरं नाही!

मी तीन दिवस गप्प बसून पाहिलं. डोकं दुखलं, फुटलं नाही. तेवढ्यापुरता वेताळ खोटा. पण गप्प बसायचं मला खास कारण होतं आणि ते आतापर्यंत मी तुमच्यापासूनही लपवलं आहे. दीड वर्षापूर्वी माझी बदली हिंजवडीच्याच शाखेत झाली. २०२४ च्या वेतन करारापासून आम्हांला क्लार्क म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. काउंटर तेच आहे. तर या काउंटरवर माझा बाकसोबती गेल्या सहा महिन्यांत तीनदा आला होता. त्याच्या वडिलांचं एक जुनं निष्क्रिय खातं निघालं होतं, वारस म्हणून त्याचे कागद चालले होते. फॉर्मवरचं नाव वाचून मी ओळखलं. त्यानं ओळखल्यासारखं केलं नाही. मी तिन्ही वेळा मान खाली घालून, "मृत्यूचा दाखला जोडा," "आधारची प्रत स्वच्छ आणा," "पुढच्या सोमवारी या," असं म्हणून त्याला वाटेला लावलं. ओळख पटवून घेणं हे माझं कामच. ओळख देणं त्यात बसत नाही.

चौथ्या खेपेला तो आला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. डोक्याला टोपी, पायात पोराचे जुने बूट. मी कागद घेतले, शिक्का उचलला आणि शिक्का हातातच ठेवून म्हणालो, "एप्रिलचा अंक आला होता."

त्यानं कागदांवरून नजर वर केली. घटकाभर बघितलं. मग म्हणाला, "ठावं हाय मला. मास्तरांनीच सांगितलं व्हतं वर्गात. अंक वाचला का म्हून इचारलं त्यांनी."

"मग तू मला काही बोलला का नाहीस?"

"तू वही दावलीस ना. लिवल्यालं व्हतं." तो हसला. "आन् तुला पहिल्या दिशीच वळीखलं व्हतं हितं. म्हटलं बगू, मास्तरचं पोरगं बोलतंय का."

माझ्या मागं लाइनीत उभ्या असलेल्या एका मुलीनं घड्याळ पाहिलं. मी तिच्याकडं न पाहता विचारलं, "राग आला होता?"

"माझं सोड रं. आईची पंचाईत झाली." आणि मग त्यानं जे सांगितलं त्याचा माझ्या वहीत रकानाच नव्हता. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. तो रोज माझ्याकडून अंक न्यायचा तो तिच्यासाठी. रात्री चुलीपुढं तो वाचायचा आणि ती भाकरी थापता थापता ऐकायची. राजपुत्र गुहेत अडकला तिथं ती थांबली होती. "रोज इचारायची, पोरगं भायेर आलं का रं? काय सांगू? मास्तरच्या पोरानं अंक दडीवला म्हून? मंग म्याच काढला त्याला भायेर. पर लगेच काढला तर गोष्ट संपंल, म्हून रोज वाईच वाईच काढला. आत दुसरी गुहा निघाली. तिच्यात नदी. आई तीन वर्सं ऐकत व्हती."

मी दहा पैशाला जे भाड्यानं देत होतो ते असं कुठं कुठं पोचत होतं, याची मला कल्पना नव्हती. माझ्या वाचनालयात नावं सहा होती. वाचणारे किती होते कोण जाणे. माझी आठवण त्या ओट्याच्या पायरीवर संपत होती आणि खरी गोष्ट पायरीखाली उतरून, वस्ती ओलांडून, एका चुलीपुढं जाऊन बसली होती.

"त्या राजपुत्राचं खरं पुढं काय झालं व्हतं रं?" त्यानं विचारलं.

आणि मला आठवेना! दोनदा वाचलेला अंक, ज्याच्यासाठी मी खोटं लिहिलं तो अंक, त्यातली एक ओळ आठवेना. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं संगणकावर ठेवले आहेत, ते फुकट वाचता येतात. पण ही गोष्ट पडली 'चांदोबा'तली, आणि 'चांदोबा' २००७ साली मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडं गेला आणि पुढं पाच-सहा वर्षांत मावळला. माझ्याजवळ फक्त ती शिळा उरली होती. अंक ज्याच्याकडं होता त्याच्याकडं गोष्ट नाही, आणि अंक ज्याला मिळाला नाही त्याच्याकडं तीन वर्षांची गोष्ट. डबल एंट्री शिकलेल्या माणसानं यापुढं काय बोलावं?

"मला आठवत नाही," मी म्हणालो. "तूच सांग. बाहेर आला का तो?"

त्यानं टोपी सारखी केली, काउंटरवर कोपर टेकला आणि सांगायला लागला. नदीच्या पल्याड एक आंधळी म्हातारी होती. तिच्या कमरेला तीन किल्ल्या होत्या. ती म्हणाली, पोरा, यातली एक भायेर नेती, एक खाली नेती, आन् तिसरी... इतक्यात लाइनीतल्या मुलीनं दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. माझा सोबती बाजूला सरकला. कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "जाऊ दे. लोकं खोळंबल्यात."

"अरे, पण तिसरी किल्ली?"

"पैसं जमा झालं का बगाया येतोच की म्हैन्याभरानं," तो म्हणाला. दारापर्यंत गेला, तिथून वळला आणि अख्ख्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुढील अंकी!"

त्या रात्री जेवताना मी घरी हे सगळं सांगितलं. ही हसता हसता डोळे पुसत होती. मुलगा भात कालवायचा थांबला होता.

"मग तिसरी किल्ली कसली होती?" त्यानं विचारलं.

"पुढच्या महिन्यात कळेल."

"असं कसं, बाबा! फोन करून विचारा ना."

"नाही विचारायचं. थांबायचं. ही माझी शिक्षा आहे आणि ती मला आवडली आहे."

मी त्याला कराराच्या कायद्यातलं कलम २५ सांगितलं. १८७२ चा कायदा. मुदत टळलेलं देणंसुद्धा फेडीन असं माणसानं लेखी वचन दिलं आणि खाली सही केली, तर ते देणं पुन्हा जिवंत होतं. म्हणून तर हा लेख लिहायला बसलो आहे. वाचकांनी साक्षीदार समजावं. देणं फिटणार नाही हे मला कळतं. त्या चुलीपुढं बसणारी माऊली आता नाही, तिला एप्रिलचा अंक कोण देणार? पण निदान वहीतला शेरा तरी मी खोडला आहे आणि शेजारी तारीख घालून सही केली आहे. आठवणींतली गोडी गेली का म्हणाल, तर गेली नाही. उलट आता त्या ओट्यावर मी एकटा बसलेला नसतो.

मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या त्या तिसऱ्याचा फोन फार स्लो होता. त्याच्यामुळं आम्ही हरायचो. म्हणून आम्ही त्याला सांगितलं, आज खेळायचं नाहीये. आणि मग आम्ही तिघंच..." तो थांबला. "रोज सांगितलं. महिनाभर."

'असंच' या शब्दाचा तेवढा अर्थ होता.

मी काही उपदेश केला नाही. ज्याची खतावणी नुकतीच उघडी पडली आहे त्यानं दुसऱ्याचं ऑडिट करू नये. तो उठला, हात धुतले आणि फोन घेऊन गॅलरीत गेला. दार ओढून घेतल्यामुळं आतलं काही ऐकू आलं नाही. ही म्हणाली, "काय बोलला असेल हो?"

मी म्हणालो, "भांडी आवरून घेऊ. ते पुढील अंकी."